सिद्धूला अग्नी कुणी दिला

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि खरं सांगायचं तर निम्मे अर्ध्यावर सोडून देते. बाभळीवरची बाई, गाडीपुढं आलेला म्हातारा, पांढरी साडी... माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव विहिरीत सोडले. त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत ना उतारा आला, ना अंगारा. त्यात मी नर्स. बिदरला सरकारी दवाखान्यात आहे. भानामती झाली म्हणून आमच्याकडं बायांना बैलगाडीत, टेम्पोत घालून आणतात. केस सोडलेले, कुणी भुंकतंय, कुणी घुमतंय. मी सलाईन लावते, नातेवाइकांना बाहेर काढते आणि त्या बायांना झोपू देते. बहुतेकींना भूत लागलेलं नसतं, झोप लागलेली नसते.

तर मी अशी आहे. तरीही हे लिहायला घेतलं, कारण अप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले आणि आता हे माहीत असलेली घरात मी एकटीच उरले. एकटीनं वागवायचा कंटाळा आलाय.

आमचं गाव जनवाडा, बिदरपासून जवळच. अप्पा लाल जांभ्या दगडाच्या खाणीत दगड काढायचे. आई लवकर गेली. मी थोरली, आणि माझ्यामागं सिद्धार्थ. आम्ही त्याला सिद्धू म्हणायचो. तो लहानपणी खाणीच्या उभ्या कपारीला पालीसारखा चिकटून वर जायचा. अप्पा खालून शिव्या द्यायचे आणि तो वरून हसायचा. बिदरला कॉलेजात असताना एका कॅम्पबरोबर तो नैनितालला गेला, कडे चढायचं शिक्षण घ्यायला. महिन्यानं परत आला तो पार बदलून. बी.ए. झाल्याबरोबर पुन्हा तिकडं गेला आणि तिथल्याच गिर्यारोहण शिकवणाऱ्या मंडळींच्यात शिकवायला राहिला.

पत्रं यायची त्याची. अक्का, इथं डोंगराच्या मधोमध तळं आहे. आपल्या पापनाशच्या तळ्यासारखं नाही, लई मोठं आहे. त्यात शिडाच्या होड्या पळतात. दिल्ली-मुंबईची पोरं इथं पैसे भरून दगडावर चढायला शिकतात, अप्पांना सांग. मी वाचून दाखवलं की अप्पा म्हणायचे, "आमी पोटासाठी चढलाव, आन् हे पैसे देऊन चढायलेत." पण पत्र पुन्हा वाचायला लावायचे.

एका पावसाळ्यात सिद्धू कड्यावरून पडला आणि गेला. ओल्या दगडाचा भरवसा नसतो. सकाळी एकटाच दोर बांधायला वर गेला होता, दगड निसटला. दोष कुणाचा नव्हता.

तार जनवाड्याला आली तेव्हा घराला कुलूप होतं. अप्पा माझ्याच दवाखान्यात होते. दगडाची कपची तळहातात घुसली, तिकडं लक्ष दिलं नाही आणि हात पिकला. मग विष अंगात भिनलं. ताप एवढा की माणूस शुद्धीवर नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या, असं सांगितलं होतं. मी कुणाला बोलावणार, सिद्धूलाच ना? त्याला तार करायच्या विचारात होते, तेवढ्यात अप्पांचा ताप उतरायला लागला, आणि मग शेजारी त्याच्याबद्दलचीच तार घेऊन आला. तोवर ती गावात पडून पडून शिळी झाली होती.

मी तारेनंच उलट कळवलं. वडील दवाखान्यात आहेत, येता येत नाही, तुम्हीच सगळं उरकून घ्या. माझ्या भावाबद्दल मी 'उरकून घ्या' असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते? नंतर त्याच्या सामानाचं पार्सल आलं, बाकी काही नाही. अप्पा वाचले. थोडं बसता यायला लागल्यावर मी त्यांना सांगितलं.

 पुढं कितीतरी दिवसांनी भाकरी खाता खाता अप्पा म्हणाले, "आग कुनी दिली आसंल गं त्याला?"

तेवढा एक प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला. परक्या लोकांनी जाळलं असेल. भटजी आणला असेल. आपलं पोर, आपण दीक्षा दिलेलं, त्याच्या तोंडात कुणी काय घातलं असेल. बुद्धवंदना तरी कुणाला येत असेल तिथं. वर्षानुवर्षं हेच. मी म्हणायची, अप्पा, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? ते म्हणायचे, "त्याला न्हाई पडत. मला पडतो."

मग शरीर थकत चाललं तसं त्यांनी हट्ट धरला. मला ती जागा दाखव. मी रजा काढली आणि आम्ही निघालो.

तो प्रवास आठवला तरी माझी पाठ दुखते. बिदरहून सिकंदराबाद, तिथून दिल्लीची गाडी, मग दिल्लीहून बस. अप्पा आयुष्यात हैदराबादच्या पलीकडं गेले नव्हते. सगळ्या वाटेनं त्यांनी दोनदाच जेवण घेतलं. डोंगर लागले, बस वळणं घ्यायला लागली, तसे ते खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले. त्यांची मान डुगडुगताना बघून मला वाटलं, कशाला आणलं मी यांना?

नैनितालला उतरलो तेव्हा दुपार होती. सिद्धूनं लिहिलं होतं तसंच सगळं होतं. हिरवं तळं, पांढरी शिडं, खांद्यावर दोरांची वेटोळी घेतलेली पोरं, घोडे, नवी लग्नं झालेली जोडपी. सगळीकडं लोक हौसेनं दमत होते. आम्ही दोघं मात्र येतानाच दमून आलो होतो. तळ्याकाठच्या बाकावर अप्पांना बसवलं, लॉज शोधली आणि तो दिवस झोपून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी करत आम्ही बारापत्थर नावाच्या जागी गेलो. कडे चढायचं शिक्षण तिथंच देतात. चढ होता. अप्पा दर वळणावर थांबत होते. वर पोचायच्या थोडं आधी एक चहाची टपरी लागली. टपरीवाली म्हातारी पहाडी बाई होती, नाकात मोठी नथ. अप्पांना बघून ती उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "बाबा, फिर आए?"

मी म्हटलं, आम्ही पहिल्यांदाच आलोय. ती माझ्याकडं बघून हसली आणि चहा गाळायला लागली. मी मनावर घेतलं नाही. आमच्या वॉर्डातसुद्धा मला रोज कुणीतरी दुसरीच कुणी समजतं.

कड्याखाली पोरं दोर लावून चढत होती. शिकवणारे एक गृहस्थ होते, बिष्ट नावाचे. पन्नाशीचे, उन्हानं भाजलेले. सिद्धूच्या पत्रात त्यांचं नाव असायचं, म्हणून मी पुढं होऊन सांगितलं, मी सिद्धार्थची बहीण. त्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर माझ्या मागं गेली. हातातला दोर त्यांनी एका पोराकडं दिला, सरळ अप्पांच्यापाशी गेले आणि वाकून पायाला हात लावला. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी अप्पांचा डावा हात हातात घेतला, मूठ उघडली आणि तळवा उन्हाकडं करून बघितला.

"भर गया," म्हणाले. "उस दिन तो पट्टी में से भी खून आ रहा था, बाबा."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. अप्पांना हिंदी म्हणजे आपली दखनी येते, पण त्यांनाही कळलं नव्हतं. ते हात तसाच त्यांच्या हातात ठेवून उभे राहिले.

आम्ही तिघं एका दगडावर बसलो. मी म्हटलं, साहेब, तुमची काहीतरी गफलत होतेय. वडील इथं कधीच आले नाहीत. सिद्धू गेला तेव्हा ते बेशुद्ध होते, मी त्यांच्या उशाशी होते. बिष्टांनी माझ्याकडं बघितलं ते मी दवाखान्यात भ्रमिष्ट झालेल्या नातेवाइकांकडं बघते तसं. मग त्यांनी सांगितलं ते असं.

सिद्धूला स्मशानात नेलं त्या दिवशी पाऊस थांबून थांबून पडत होता. बिष्ट आणि त्यांच्या मंडळींनी गावाला तार केली होती, पण एवढ्या लांबून कुणी वेळेत येईल अशी आशा नव्हती, म्हणून उरकायचं ठरलं होतं. लाकडं रचून झाली आणि झाडीतून एक माणूस खाली आला. धोतर, डोक्याला पटका, डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. भिजलेला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. सरळ सिद्धूपाशी जाऊन बसला आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवायला लागला. मग ह्यांच्या लक्षात आलं की वडील आलेत. नाकडोळे तर सिद्धूचेच होते. बिष्टांनी विचारलं, बाबा, कसे आलात? तो म्हणाला, "चलके आया." ह्यांना वाटलं, पोराला भेटायला म्हणून आधीच निघाला असेल आणि खालच्या स्टेशनापासून चालत आला असेल. अशा वेळी कोण खोदून विचारतं?

पंडितजी मंत्र म्हणायला पुढं झाले. तेव्हा ह्या माणसानं पट्टी बांधलेला हात आडवा धरला.

"आपने कहा, नक्को," बिष्ट अप्पांना म्हणाले. "पंडितजी पीछे हट गए. फिर आपने खुद ही कुछ पढ़ा. बुद्धं सरणं... उतना मुझे समझा. और अग्नि दी."

कड्यावर कुणीतरी पोरगी वरून ओरडत होती, दोर सैल सोडा म्हणून. खाली पोरं हसत होती.

मी नंतर आलेल्या माझ्या तारेबद्दल विचारलं. ते म्हणाले, तार आली होती, पण आम्हाला वाटलं आधीची असेल, पावसानं अडकली असेल. वडील तर येऊन गेले होते. म्हणून आम्ही उत्तर दिलं नाही.

 मग अप्पांनी बिष्टांना विचारलं, "मैं रोया क्या?"

बिष्ट जरा थांबले. म्हणाले, "हां बाबा. बहुत रोए आप. हम सब देखते रहे."

अप्पांनी मान डोलावली.  पटक्याचा सोगा तोंडावर घेतला आणि तसेच बसून राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बिष्ट उठून पोरांच्याकडं गेले.

उतरताना मी विचारलं, "अप्पा, तुमाला काई आठवायलंय का?"

"न्हाई."

"ताप होता तवाचं काई? सपान वगैरे?"

"काय बी न्हाई गं. अंधार हुता निस्ता." जरा चालून ते म्हणाले, "पर हे मानसं खोटं कामून बोलतील? मी हुतो म्हनायलेत. मंग हुतो आसंन."

मला तसं म्हणता येईना. त्या दिवशी लॉजवर अप्पा दुपारचे गाढ झोपले, घोरत होते, आणि मी खिडकीत बसून एकेक गोष्ट तपासत होते. 'नक्को' हा शब्द सिद्धू बोलत असणारच, तो त्यांना माहीत असणार. बौद्ध असल्याचंही सिद्धूनंच सांगितलं असणार. बिष्ट चांगले गृहस्थ होते, म्हाताऱ्या बापाला बरं वाटावं म्हणून गोड खोटं बोलले असतील. मीसुद्धा बोलते. शेवटी काही त्रास झाला नाही त्यांना, झोपेतच गेले... असं किती जणांना सांगितलंय. सगळं जुळत होतं. हात तेवढा जुळत नव्हता. हाताला लागल्याचं आम्ही सिद्धूला कळवलंच नव्हतं. तारेत मी 'दवाखान्यात' एवढंच लिहिलं होतं, कशानं ते नाही. डावा हात, मनगटापर्यंत पट्टी. ती पट्टी रोज मी बदलत होते, आणि खरंच, तिच्यातून रक्त यायचं.

आणि ती टपरीवाली. तिला तर बिष्टांना आधी काही सांगायला वेळच मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना तळ्याकाठी ऊन खात बसवलं आणि मी एकटीच पुन्हा चढून गेले. माझे पाय भरून आले होते. टपरीवर गिऱ्हाईक नव्हतं. चहा घेतला आणि तिला म्हटलं, ते बाबा त्या वेळी आले होते तेव्हाचं तुला काय आठवतं ते सांग.

तिला बरंच आठवत होतं. तिची टपरी तेव्हा स्मशानाच्या रस्त्याला होती, नंतर इकडं हलवली. सगळे लोक परत गेल्यावर तो म्हातारा एकटा तिच्याकडं येऊन बसला, ओल्या कपड्यानं. तिनं चहा दिला. एका हाताला पट्टी, म्हणून त्यानं ग्लास दोन्ही मनगटांच्या मध्ये धरला. प्यायला नाही, नुसता धरून बसला, ऊब घेत असल्यासारखा. तिनं म्हटलं, बाबा, पाऊस आहे, आजची रात्र आमच्याकडं राहा. माझ्या मुलाची खोली रिकामी आहे.

"तो बोले, नक्को माँ," ती म्हणाली. "बेटी अस्पताल में अकेली बैठी है. जाना पड़ेगा. और उठ गए."

मी विचारलं, नक्की बेटी म्हणाले? अस्पताल म्हणाले?

ती म्हणाली, हो. म्हणून तर काल तुला बरोबर बघितलं आणि बरं वाटलं मला. तीच ना तू?

मी हो म्हणाले. चहाचे पैसे ती घेईना.

खाली येताना मी मध्येच एका कठड्यावर बसले.  तो दिवस माझ्या डोळ्यांपुढं होता. तार हातात पडायच्या आधीचा. डॉक्टर येऊन मान हलवून गेलेले, अप्पांच्या कॉटशेजारी स्टुलावर मी. नाडी हाताला लागत नव्हती. मी आवाज न करता रडत होते, कारण वॉर्डात बाकीचे पेशंट होते आणि मी युनिफॉर्मवर होते. संध्याकाळच्या सुमाराला अप्पांना एकदम दरदरून घाम फुटला, चादर पार भिजून गेली, आणि ताप उतरायला लागला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बसलीस व्हय अजून." मला वाटलं, शुद्धीवर येताना माणसं बोलतात तसं ते बोलले.

हे मी अप्पांना सांगितलं नाही. त्यांना सिद्धूपुरतं मिळालं होतं, तेवढ्यानं ते समाधानी होते. तळ्याकाठी गेले तर ते एका शिडाच्या होडीकडं बघत होते. कुणीतरी शिकाऊ होतं, शीड सारखं उलटं फिरत होतं. अप्पा म्हणाले, "त्याला वारं कळंना गेलंय." मी शेजारी बसले. त्या दिवशी आम्ही होडीत बसलो नाही, घोड्यावर बसलो नाही, काही बघितलं नाही. नुसते बसून राहिलो आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत निघालो.

त्यानंतर अप्पांनी आग कुणी दिली हा प्रश्न पुन्हा काढला नाही. गेल्या उन्हाळ्यात घरीच गेले, शांतपणे. वंदना मी म्हटली.

मला कुणी स्पष्टीकरण विचारलं तर माझ्याकडं नाही. दुसराच कुणी म्हातारा असेल, म्हणा. दिसायला तसाच, डाव्या हाताला पट्टी बांधलेला, दखनी बोलणारा, पाली वंदना येणारा, आणि ज्याची मुलगी दवाखान्यात बसलेली होती असा. कुणाच्या तरी पोराला अग्नी देऊन तो निघून गेला असेल. मी असाही विचार करून बघितलाय. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि अप्पा तर तेव्हा जिवंत होते.

दवाखान्यात मी तीच आहे. भानामतीच्या बाईला आजही सलाईनच लावते. फक्त तापात बेशुद्ध पडलेल्या माणसाचे नातेवाईक त्याला गदागदा हलवायला लागले, नाव घेऊन हाका मारायला लागले, की पूर्वी मी त्यांना बाहेर काढायची. आता काढत नाही. त्यांच्यातल्या एकाला कॉटशेजारी स्टूल देते आणि सांगते, इथं बसून राहा. येतील ते.